पहिलं प्रोजेक्ट, खरेदीचा सगळा डेटा माझ्याकडे. पहिल्या दोन आठवड्यांत काय सांभाळू?

नवी_भरती

नमस्कार मंडळी. एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झाले आहे. ट्रेनिंग संपलं, सोमवारपासून पहिलं प्रोजेक्ट. क्लायंट चाकणचा, वाहनांचे सुटे भाग बनवणारा, आणि काम खरेदीचा खर्च कमी करण्याचं. टीममध्ये मॅनेजर, एक सीनियर आणि मी. "डेटा तू बघ" एवढीच सूचना मिळाली आहे. कारखान्यात सॅप (खरेदी, साठा आणि हिशेब नोंदवणारं सॉफ्टवेअर) आहे. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, एक्सेल बऱ्यापैकी येतं. क्लायंटकडे नेमकं काय मागायचं, आकडे कुठे चुकतात आणि मॅनेजरला कितीदा विचारलेलं चालतं, हे कुणी नीट सांगेल का?

खरेदीखाते

"खरेदीचा सगळा डेटा द्या" अशी मेल कधीच पाठवू नका. कॉलमांची नावं लिहून द्या: पीओ (खरेदीची ऑर्डर) क्रमांक, तारीख, व्हेंडर (पुरवठादार) कोड, व्हेंडरचं नाव, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), मटेरियल कोड, वर्णन, प्रमाण, एकक, दर, करापूर्वीची रक्कम, चलन, प्लांट, पेमेंट टर्म्स (पैसे किती दिवसांत द्यायचे). कालावधी एप्रिल ते मार्च असा पूर्ण आर्थिक वर्षाचा घ्या, म्हणजे ऑडिट झालेल्या हिशेबाशी ताडून बघता येतो. आणि आधी फक्त ५० ओळींचा नमुना मागा. आयटीवाले दोन दिवस खपून वर्षभराचा रिपोर्ट काढतात आणि त्यात एककाचा कॉलमच नसतो, असं हमखास होतं. मग दुसऱ्यांदा मागताना त्यांचा उत्साह गेलेला असतो.

सॅपमधले तीन रिपोर्ट तुमच्या कानावर पडतील. एमई२एन म्हणजे काय ऑर्डर केलं, एमबी५१ म्हणजे माल किती आला, एफबीएल१एन म्हणजे व्हेंडरच्या खात्यावर काय नोंदलं. तिघांच्या बेरजा जुळणार नाहीत आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही: काही पीओ अजून उघडे असतात, काही माल आलेला असतो पण बिल नसतं, बिलाच्या रकमेत जीएसटी असतो. फरक कशामुळे आहे ते मात्र सांगता आलं पाहिजे. एमबी५१ मध्ये प्रत्येक नोंदीला एक प्रकार-क्रमांक असतो: १०१ ही आवक, १०२ ही रद्द केलेली आवक, १२२ हा व्हेंडरला परत गेलेला माल. नुसता १०१ गाळून घेतला तर रद्द करून पुन्हा नोंदलेला माल दोनदा मोजला जातो.

आता ज्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत त्या. सॅपमधून काढलेल्या फाइलमध्ये वजाचं चिन्ह बऱ्याचदा आकड्याच्या मागे येतं, "५००-" असं. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरतच नाही. म्हणजे परतावे गळतात, खर्च फुगतो, आणि पडद्यावर कुठलीही त्रुटी दिसत नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडली तर मटेरियल कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात आणि १५ अंकांपुढचे आकडे शून्य होतात. म्हणून फाइल 'डेटा' टॅबमधून आणा आणि कोडच्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवा. व्हीलुकअपचा (दुसऱ्या यादीतून मूल्य शोधून आणणारा फॉर्म्युला) शेवटचा भाग लिहिलाच नाही तर ते जवळपासचं मूल्य उचलतं. तिथे शून्य लिहा नाहीतर एक्सलुकअप वापरा. चलनाचा कॉलम तपासल्याशिवाय बेरीज करू नका. एमई२एनमधली रक्कम ऑर्डरच्या चलनात असते, त्यामुळे जपानहून आलेल्या भागांचे येन रुपये म्हणून बेरजेत मिसळतात. एककाचंही तसंच. स्टील कुठे टनात, कुठे किलोत असतं. प्रत्येक मटेरियल कोडचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दर काढा; १००० पटीचा फरक दिसला तर एककाचा घोळ समजा.

एकच पुरवठादार तीन कोडांखाली सापडतो, कधी 'प्रा. लि.', कधी 'प्रायव्हेट लिमिटेड'. नावं जुळवत बसू नका. जीएसटीआयएन १५ अक्षरी असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन. मिड फॉर्म्युल्याने तिसऱ्यापासून १० अक्षरं काढून त्यावर पिव्होट (एक्सेलचा गटवार बेरजांचा तक्ता) लावला की एका कंपनीची सगळी खाती एकत्र येतात. जीएसटी नोंदणी नसलेले उरतात, ते हाताने बघावे लागतात.

सगळं झाल्यावर एकूण बेरीज वार्षिक हिशेबातल्या मालाच्या खर्चाशी लावा. तो आकडा वापराचा असतो, खरेदीचा नाही: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा. ही जुळवणी एका वेगळ्या शीटवर ठेवा. मॅनेजर पहिल्यांदा तेच विचारतील, आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास या शीटवर ठरतो.

लालपेन

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. विचारण्याबद्दल: अर्धा तास अडून राहिलात की विचारा, पण "काय करू?" असं नको. "बिलं आणि आवक यांत एवढा फरक आहे, बहुतेक उघड्या पीओंमुळे, मी आवकेचा आकडा धरून पुढे जाऊ का?" असा प्रश्न न्या. त्याचं उत्तर एका मिनिटात मिळतं.

पाठवलेला आकडा चुकला असं कळलं तर त्याच क्षणी कळवा: जुना आकडा, नवा आकडा, कारण, आणि तो आणखी कोणत्या स्लाइडवर आहे. सगळी फाइल दुरुस्त होईपर्यंत थांबलात तर तोवर जुना आकडा क्लायंटच्या सीएफओंपर्यंत (वित्तप्रमुखांपर्यंत) पोहोचलेला असतो.

स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य असावं. 'व्हेंडर विश्लेषण' नव्हे. 'फोर्जिंगचा (ठोकून घडवलेल्या भागांचा) ८० टक्के खर्च सहा पुरवठादारांकडे, तरी दर दरवर्षी वेगवेगळे ठरतात' असं. खाली स्रोत, कालावधी, आणि रक्कम करासह की कराशिवाय ते. लाख-कोटी आणि मिलियन एकाच डेकमध्ये (स्लाइडच्या संचात) मिसळू नका. १ कोटी म्हणजे १० मिलियन, हे रात्री अकराला हमखास चुकतं.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. खर्च कमी करायचा म्हटलं की 'पेमेंट ९० दिवसांवर न्या' ही सूचना सर्वांना सुचते. चाकण-भोसरीचे पुरवठादार बरेचसे सूक्ष्म आणि लघु उद्योग. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्यांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत पाळली नाही तर व्याज लागतं. म्हणून व्हेंडरच्या यादीत 'उद्यम नोंदणी' (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) हा कॉलम पहिल्याच दिवशी मागून घ्या. शिवाय ती सूचना त्या छोट्या कारखान्यांच्या पगाराच्या तारखेवर जाऊन पडते, याची जाणीव ठेवून ती लिहावी की नाही ते ठरवा.

नवी_भरती

दोघांचेही खूप आभार, ५० ओळींचा नमुना तर डोक्यातच आला नव्हता. टाइमशीट, प्रवासाची बिलं, आणि क्लायंटने मागितलेला माझा पॅन, हे काय प्रकरण आहे?

गेटपास

पॅन: क्लायंट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०१५ च्या नियमांनुसार, ज्यांना भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती दिली जाते त्यांची नावं आणि पॅन नोंदवून ठेवावे लागतात. तो द्या, पण आधी मॅनेजरना विचारून. त्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील तर फर्मच्या कंप्लायन्स विभागाला आजच कळवा. खरेदी-विक्री पूर्ण बंद. आई-वडिलांनाही घरी काही सांगू नका.

टाइमशीट रोज संध्याकाळी भरा, शुक्रवारी आठवून नको. १२ तास काम करून ८ लिहू नका. पुढच्या प्रोजेक्टचं बजेट याच तासांवर बेततात, मग तेच काम आणखी कमी माणसांत करायला लागतं.

हॉटेलचं बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटीआयएन टाकूनच घ्या. राहण्यावरचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो, म्हणून गोव्यातल्या हॉटेलला महाराष्ट्राचा नंबर देऊन फर्मला त्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही. फर्मची तिथे नोंदणी आहे का, ते ट्रॅव्हल डेस्कला आधी विचारा. चेक-आउटनंतर बिल बदलून मिळवणं अवघड जातं.

कारखान्यात पहिल्या दिवशी सेफ्टी शूज घालून जा. लॅपटॉपची गेटवर नोंद करा, नाहीतर संध्याकाळी बाहेर नेताना अडवतील. शॉप फ्लोअरवर फोटो काढू नका. आणि स्टोअरमध्ये अर्धा दिवस बसा, मराठीत बोला. कोणता माल नेहमी उशिरा येतो, कोणत्या व्हेंडरचा परत जातो, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. फक्त "चूक कुणाची?" असं विचारू नका, "हा माल आला की पुढे काय काय होतं?" एवढं विचारा आणि त्याच रात्री टिपणं लिहून काढा. शिफ्ट बदलण्याची वेळ टाळा, तेव्हा कुणालाच सवड नसते.