पीईबी शेड घेताना टनावर भाव का ठरवता?

शिरोलीकर
शिरोलीत माझी छोटी फौंड्री आहे. नवी पीईबी शेड, म्हणजे कारखान्यात डिझाइनप्रमाणे भाग बनवून जागेवर जोडायची स्टीलची शेड, घ्यायची म्हणून तीन कोटेशनं मागवली. माप एकच, २४ मीटर बाय ६० मीटर. स्टीलचं वजन मात्र एकाचं ३४ टन, दुसऱ्याचं ३९, तिसऱ्याचं ४६. भागीदार म्हणाले, ३४ वाला घेऊन टाकू. मी अडून बसलो आणि तिघांनी कोणते लोड (भार) धरलेत ते लेखी मागितलं. ३४ टनवाल्यानं छपराचा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा येणारा-जाणारा भार) अमेरिकी पद्धतीनं चौरस मीटरला ०.५७ किलोन्यूटन धरलाय. आपल्या आयएस ८७५ या भारांच्या भारतीय कोडच्या दुसऱ्या भागात १० अंशांपर्यंत उताराच्या, वर जायची सोय नसलेल्या छपराला ०.७५ सांगितलाय. म्हणजे चौरस मीटरमागं सुमारे १८ किलो तिथंच गेले! शिवाय शेड चारी बाजूंनी बंद धरलीय. भट्टी पेटल्यावर शटर बंद ठेवून काम कोण करतं? भिंतीत ५ टक्क्यांपेक्षा कमी उघडं असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२, २० टक्क्यांच्या वर गेलं की ०.७. हे धरलं नाही तर वळवाच्या वाऱ्यात छप्पर उचललं जाणार. टनावर भाव ठरवणं सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

राफ्टर
मी पीईबीचंच डिझाइन करतो, म्हणून बोलतो. हलकं म्हणजे कच्चं, हा समज चुकीचा आहे. जिथं मोमेंट (वाकवणारा जोर) जास्त तिथं सेक्शन (तुळईचा छेद) खोल, जिथं कमी तिथं निमुळता, एवढंच तर आहे. शिवाय प्लेट ३४५-३५० एमपीए ताकदीची, साधा रोल्ड (तयार लाटलेला) सेक्शन २५० चा. स्टील वाचणारच. लाइव्ह लोडचं तुमचं बरोबर, भारतात भारतीय कोडच लावावा. पण मालकही सगळं सांगत नाहीत. शेड उभी राहिली की दुसऱ्या वर्षी ५ टनाची क्रेन, मग सोलर, मग धुराचे डक्ट. सोलरचेच चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास होतात. आधी सांगा, आम्ही धरतो.

उद्यमनगरी
राफ्टर साहेब, कागदावर बरोबर आहे. आम्ही ट्रसवाले, म्हणजे अँगल जोडून त्रिकोणी सांगाड्याची छपरं करणारे, पटत नाही ते सांगतो. अँगलचा मेंबर वाकला तर टेकू देऊन तेवढाच कापून बदलता येतो. तुमची वेब, म्हणजे तुळईची मधली उभी प्लेट, ४-५ मिलिमीटरची, तिथं पोरानं माल उचलायचा हॉइस्ट टांगायला एक वेल्ड चुकीचा मारला की संपलं. स्टील बांधकामाच्या आयएस ८०० कोडच्या १९८४ च्या आवृत्तीत ऊनपावसात उघड्या कामाला किमान जाडी होती, ती उगाच होती का? आणि फ्लँज ब्रेस! राफ्टरच्या (छपराच्या मुख्य तुळईच्या) खालच्या फ्लँजपासून (कडेच्या आडव्या प्लेटपासून) पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) जाणारे ते तिरके अँगल. डक्टला आडवे येतात म्हणून काढून टाकलेले मी स्वतः बघितलेत. वारा छप्पर वर ओढतो तेव्हा मधल्या भागात खालचीच फ्लँज दाबात येते, आणि तिला आडवा आधार फक्त त्यांचाच. मालकाला हे कोण सांगतं?

राफ्टर
सांगायला हवं, मान्य. पण २४ मीटरला अँगल ट्रस करून बघा, जोड किती, रंग किती, दिवस किती. दुरुस्ती सोपी म्हणून प्रत्येक शेडला ते पटत नाही.

राजारामपुरीकर
शहरातलं वेगळं आहे. आम्ही डेक शीटवर (स्लॅबखालच्या पन्हळी पत्र्यावर) दोन मजली शोरूम करतोय. तिथं वाऱ्यापेक्षा आगीची काळजी जास्त. ५५० अंशांच्या आसपास स्टीलची ताकद जवळपास निम्मी होते. कोटेशनमध्ये अग्निरोधक रंगाची ओळच नव्हती, मागून घालून घेतली.

शिरोलीकर
राफ्टर साहेब, क्रेनचं तुम्ही म्हणता ते आमच्याच बाबतीत खरं आहे, आम्ही सांगितली नव्हती. आता नवीन मागणीपत्रात क्रेन, सोलर, उघडी बाजू आणि भारतीय कोड, सगळं लिहून तिघांना परत पाठवतोय. फ्लँज ब्रेसच्या जागा ड्रॉइंगवर लाल रंगात मागितल्यात. ४६ टनवाल्याचंही डिझाइन बाहेरच्या इंजिनिअरकडं तपासायला दिलंय. जास्त वजन म्हणून त्याचं बरोबर, असं मी धरत नाही.