अनुभव धागा : ताकदवान रिअर व्हील ड्राइव्ह गाडी पूर्ण ॲक्सिलरेशनला सरळ कशी ठेवाल?

चारशे हॉर्सपॉवरच्या वरची, मागच्या चाकांवर ओढणारी गाडी ड्रॅग शर्यतीच्या ४०२ मीटरच्या पट्टीवर जोरात दाबली की मागून सरकते. बरेच जण लगेच 'पॉवर जास्त झाली' किंवा 'डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) गेलं' म्हणून मोकळे होतात. या धाग्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावं : आधी काय तपासता, मापं किती ठेवता, कशामुळे काय होतं. किस्से नकोत, तपशील हवेत. हे सगळं बंदिस्त धावपट्टीपुरतं आहे, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

व्हील अलाइनमेंटचं काम, पिंपरी

माझा पहिला प्रश्न एकच असतो : सरळ रस्त्यावर ६०च्या वेगाला स्टिअरिंग मधोमध राहतं का? थोडं तिरकं धरावं लागत असेल तर बहुधा थ्रस्ट अँगल (मागची चाकं ढकलतात ती दिशा आणि गाडीची मधली रेषा यांतला कोन) बिघडलाय. म्हणजे मागची दोन चाकं मिळून गाडीला तिरकी ढकलतायत आणि पुढची चाकं ते सावरतायत. हळू चालवताना हे जाणवतही नाही. पण जोरात दाबलं की पुढचं वजन मागे जातं. १७५० किलोची गाडी, २७२० मिमी व्हीलबेस, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी आणि ०.६ जी ॲक्सिलरेशन धरलं तर पुढच्या ॲक्सलवरून साधारण १९० किलो उतरतात. सावरणारी चाकंच हलकी झाली, मग मागची चाकं म्हणतील तिकडे गाडी जाणार.

म्हणून थ्रस्ट अँगल शून्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणतो, ०.०५ अंशाच्या पलीकडे सोडत नाही. मागे एकूण टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) ०.१५ ते ०.३० अंश. शून्य टो ठेवू नका. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) दबला की तो टो-आउट (टोकं बाहेर) होऊ शकतो आणि गाडी वळवळायला लागते. कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) उणे १ अंशाच्या आत, कारण मागची बाजू बसली की तो आणखी उणे होतो आणि टायरची फक्त आतली कड टेकते. मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या आणि टाकीत रोज असतं तितकंच पेट्रोल. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. परदेशी व्हिडिओतली डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन) सेटिंग जशीच्या तशी उचलली तर ती उलटी पडते.

सस्पेन्शन मेकॅनिक, कोल्हापूर

अलाइनमेंटच्या आधी बुश बघा, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे वाया. गाडी हॉइस्टवर घ्या, पहार घालून मागचा प्रत्येक आर्म पुढे-मागे रेटा. रबराला भेग असेल, किंवा डाव्या-उजव्या बाजूच्या हलण्यात डोळ्याला दिसेल इतका फरक असेल, तर दोन्ही बाजूंचे बुश एकत्र बदला. एकाच बाजूचा नवा घातला तर ताकद आली की एक चाक जास्त पुढे सरकतं, दुसरं कमी. म्हणजे मागच्या चाकांनीच गाडी वळते.

नवा रबरी बुश बसवताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना. हवेत लटकत्या आर्मवर आवळला की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

स्टार्टला मागून 'धडधडधड' आलं तर तो व्हील हॉप. टायर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. लगेच ॲक्सिलरेटर कमी करा, हाफ शाफ्ट (डिफरन्शियलकडून चाकाला ताकद नेणारा दांडा) तुटू शकतो. उपाय सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) बुशपासून सुरू होतो. २००९च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमध्ये तर यासाठीच डावा आणि उजवा हाफ शाफ्ट वेगवेगळ्या जाडीचे दिले होते, म्हणजे दोन्ही एकाच तालात पिळले जात नाहीत.

टायरचा धंदा, नाशिक

दोन्ही मागच्या टायरांचा घेर टेपने मोजा. एका बाजूला ८ मिमी ट्रेडचा नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला ४ मिमीचा जुना असेल तर घेरात २५ मिमीचा फरक पडतो. एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) असलेल्या गाडीत दोन्ही चाकं एका वेगाने फिरायला बघतात, त्यामुळे मोठ्या टायरची बाजू पुढे जाते आणि गाडी लहान टायरकडे ओढते. फरक ५-६ मिमीच्या आत हवा.

प्रेशर : साध्या परफॉर्मन्स टायरला मागे गरम असताना २८-३० पीएसआय, ड्रॅग रेडियलला (ड्रॅग शर्यतीसाठीचा मऊ टायर) १८-२२. त्याखाली गेलात तर पकड वाढेल, पण बाजूची भिंत डोलते आणि ताशी १५० किमीच्या पुढे गाडी शेपटीतून हलते. पुढे नेहमीपेक्षा २-३ पीएसआय जास्त ठेवा. मागे बायस प्लाय (तिरक्या थरांचा) स्लिक (खाचा नसलेला टायर) आणि पुढे रेडियल अशी जोडी लावू नका.

बर्नआउट (टायर तापवायला जागेवर फिरवणं) साध्या ट्रेडच्या टायरवर असेल तर पाण्याच्या डबक्याला वळसा घालून जा. खाचांत पाणी अडकतं आणि नेमकं स्टार्टलाइनवर गळतं. कोरड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३-४ सेकंद पुरे.

मिशिगनहून, ड्राइव्हलाइन इंजिनिअर

सॉलिड ॲक्सलच्या (मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर) गाड्यांबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. २०१४पर्यंतच्या बहुतेक मस्टँगना तो होता, २०१५पासून इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. सॉलिड ॲक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्टचा टॉर्क ॲक्सललाच पिळतो : डावं मागचं चाक खाली दाबलं जातं, उजवं हलकं होतं. ओपन (साधं, एलएसडी नसलेलं) डिफरन्शियल असेल तर उजवा टायर फिरत राहतो. एलएसडी असेल तर डावा टायर जास्त ढकलतो आणि गाडी उजवीकडे जाते. म्हणून उजव्या मागच्या कॉइलमध्ये एअरबॅग घालतात. सुरुवात उजवीकडे ८-१० पीएसआय, डावीकडे ३-५, मग स्टार्टचा व्हिडिओ मागून बघून एकेक-दोन पीएसआयने बदल. इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियल बॉडीलाच बसवलेलं असतं, तिथे ही खटपट नको.

क्लच प्लेटचं एलएसडी तपासायला एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं वर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, पुढच्या चाकांना अडसर. वरचं चाक टॉर्क रेंचने फिरवा आणि मॅन्युअलमधल्या किमान आकड्याशी ताडा. तेल बदलताना फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण कमी करणारं मिश्रण) विसरला तर प्लेटा अडकत-सुटत चालतात. जास्त घातला तर एलएसडी ओपनसारखं वागतं.

ईसीयू (इंजिनचा कंप्यूटर) ट्यूनर, पुणे

आधी लॉग (रनची नोंदवलेली आकडेवारी), मग मत. चारही चाकांचा वेग, थ्रॉटल, स्टिअरिंग अँगल आणि यॉ रेट (गाडी आडवी फिरण्याचा वेग), एवढे चॅनल हवेत. मग बघा की आधी काय बिघडलं :

मागची दोन्ही चाकं एकदम उसळली आणि नंतर गाडी आडवी झाली : टॉर्क जास्त किंवा टायर थंड. दोन मागच्या चाकांच्या वेगात आधी फरक पडला : डिफरन्शियल किंवा एका बाजूचं वजन. स्लिप (चाक गाडीपेक्षा किती जास्त वेगाने फिरतंय) कमी असतानाच यॉ बदलला : बुश किंवा अलाइनमेंट, माझ्याकडे येऊ नका, वरच्या पिंपरी-कोल्हापूरवाल्यांकडे जा.

रस्त्याच्या टायरची पकड साधारण १०-१५ टक्के स्लिपला सर्वात जास्त असते. २०च्या पुढे गेलं की टायरची सगळी ताकद पुढे ढकलण्यात खर्च होते आणि बाजूला सरकणं अडवायला फारसं काही उरत नाही. टर्बो गाडीत गिअरप्रमाणे बूस्ट (टर्बोचा दाब) ठेवा : पहिल्यात ६० टक्के टॉर्क, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात पूर्ण, इथून सुरुवात करून लॉग बघत वाढवा. दुसऱ्या गिअरमध्ये बूस्ट एकदम चढतो तिथे सर्वांत जास्त गाड्या आडव्या होतात, तो चढ अर्ध्या सेकंदाभरात पसरवा.

ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करण्याची घाई नको. जी८० एम३, जी८२ एम४मध्ये त्याचे १० टप्पे आहेत, ते त्यासाठीच.

ड्रायव्हिंग प्रशिक्षक, मुंबई

अँबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर ड्रॅगस्ट्रिपचा चिकट लेप गृहीत धरू नका, म्हणून लॉन्चचे (सुटतानाचे) आरपीएम कमी : मोठ्या व्ही८ला २०००-२५०० पुरतात. धावपट्ट्यांना पाणी वाहून जायला मधून दोन्ही कडांकडे उतार ठेवतात, त्यामुळे डाव्या लेनची गाडी डावीकडे आणि उजव्या लेनची उजवीकडे झुकू शकते. पायी चालत जाऊन लेन बघा, रंगाचे पांढरे पट्टे चाकांखाली येणार नाहीत अशी गाडी लावा. लाइनला येताना शेवटचे २-३ मीटर सरळ या. चाकं वळलेली असताना निघालात तर पहिल्याच क्षणी मागचा भाग बाजूला जातो.

हात ९ आणि ३ वर, नजर पट्टीच्या टोकाला. गाडी सरकली तर पाय पूर्ण उचलू नका. इंजिन ब्रेकिंगने मागची चाकं आवळली जातात, वजन पुढे येतं, आणि जी बाजू सरकत होती ती झटक्याने उलट फिरते. पाय साधारण अर्ध्यावर आणा, स्टिअरिंग सरकण्याच्या दिशेला द्या आणि गाडी परतू लागताच, ती सरळ होण्याआधी, स्टिअरिंग मधोमध आणा. उशीर झाला की दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा येतो. स्टिअरिंग पाव फेऱ्याहून जास्त द्यावं लागलं तर तो रन सोडा : पाय हळूहळू काढा, क्लच दाबा, आणि गाडी सरळ झाल्यावरच ब्रेक.