रूडिन जमत नसेल तर गणित सोड, हा कसला सल्ला?

पाटीपेन्सिल : एस.वाय.ला असलेल्या एका मुलीनं विचारलं होतं, रिअल अ‍ॅनालिसिसच्या (सीमा, सातत्य वगैरे काटेकोर सिद्ध करायच्या विषयाच्या) सरावाला गणितं कुठून घेऊ? उत्तर मिळालं, "रूडिन सोडव. नाही जमलं तर गणित सोड." कालपासून डोकं तापलंय माझं. वॉल्टर रूडिनचं ते पुस्तक थोर आहे, वाद नाही. पण त्यात दुसऱ्याच प्रकरणात कॉम्पॅक्ट सेटसारखी अवघड कल्पना येते, साध्या क्रमिका (सीक्वेन्स) तिसऱ्यात. जिचा अजून एप्सिलॉन-डेल्टाच्या मूळ व्याख्यांवरच हात बसलेला नाही, तिनं काय करायचं? बार्टल-शेरबर्टचं पुस्तक घ्यावं, निवडक गणितांना मागे सूचना तरी आहेत. त्याहून चांगलं म्हणजे वर्गात झालेलं प्रमेय घ्यायचं, त्यातली एक अट काढायची आणि ते कुठे कोसळतं ते शोधायचं. क्लोज्ड इंटरव्हलवरच्या (दोन्ही टोकं धरलेल्या अंतरावरच्या) कंटिन्युअस फंक्शनला कमाल किंमत असते ना? मग ० ते १ मधली दोन्ही टोकं काढा आणि १/क्ष घेऊन बघा. अशी गणितं स्वतःलाच घालता येतात.

कृष्णाकाठ : तो सल्ला माझा. नोकरी सांभाळून जॅमची, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेची, तयारी केली मी. रूडिनमधल्या एका गणितानं तीन दिवस झोप उडवली, चौथ्या दिवशी बसमध्ये सुटलं. सोपी शंभर गणितं करून ती चिकाटी येत नाही. हल्ली सगळ्यांना उत्तर मागच्या पानावर हवं.

पाटीपेन्सिल : तीन दिवस झगडायला तुमच्याकडे काहीतरी हत्यार होतं. तिच्याकडे व्याख्यासुद्धा धड नाही.

चौथाबाक : तुम्ही पुस्तकांवर भांडताय, आमच्या कॉलेजात पुस्तक उघडलंच जात नव्हतं. अपेक्षित प्रश्न घोकले, फर्स्ट क्लास मिळाला. एम.एस्सी.ला मॅडमनी विचारलं, 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा' आणि 'एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना', फरक काय? (एप्सिलॉन म्हणजे फंक्शनच्या किंमतीत चालणारा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं ते.) माझी बोबडी वळली. घरी जाऊन व्याख्या मराठीत लिहिली, तेव्हा कुठे कळली. पहिली सरावाची गणितं मराठीतच हवीत.

निमशहरी : आणि पेपर? जॅम इंग्रजीतच असते. मी शिकवणी घेतो. मराठीत समजलेली मुलं इंग्रजीत सिद्धता लिहिताना अडतात, दरवर्षी बघतो. सीमा, सातत्य, श्रेढी करत बसलं की पुढे सगळं पुन्हा शिकावं लागतं.

चौथाबाक : शब्द बदला असं कोण म्हणतंय? एप्सिलॉन एप्सिलॉनच राहू दे, वाक्य मराठी असू दे. इंग्रजी वाक्य उलगडायचं आणि त्याच दमात गणितही करायचं, ही दोन ओझी एका मुलावर का? इंग्रजी शाळेत गेलेल्यांना हे कळायचं नाही.

निमशहरी : माझ्या शाळेवर घसरू नका. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. इंग्रजीच्या भीतीपायी माझं एक वर्ष गेलं, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय की ती भीती पहिल्याच दिवशी मोडा.

चौथाबाक : शाळेचं बोललो ते चुकलं. बाकी एक शब्दही मागे घेत नाही.

ओसरी : माध्यमाच्या वादात ती मुलगी राहिली बाजूला. तिच्यासाठी दोन गणितं देते. एक, मॅडमच्या प्रश्नातूनच : एका बिंदूपाशी एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना पुरत असेल, तर ते फंक्शन तिथे कसं दिसेल? दोन : क्रमिकेच्या लागोपाठच्या पदांतला फरक शून्याकडे जातो. एवढ्यावरून ती कॉशी (जिची पुढची सगळी पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात अशी) ठरते का? आणि 'न'व्या पदापासून पुढच्या पदापर्यंतचा फरक कायम २ च्या 'न'व्या घाताच्या व्यस्तापेक्षा कमी असेल तर?

कृष्णाकाठ : पहिलं केलं. डेल्टाच्या आत किंमतीतला फरक प्रत्येक एप्सिलॉनपेक्षा कमी, म्हणजे शून्यच. फंक्शन तिथे स्थिर. पण हे नीट लिहायला मला वीस मिनिटं लागली. ठीक आहे, रूडिनच्या आधी असं काहीतरी हवं. 'गणित सोड' हेही लिहायला नको होतं, काढून टाकतो. पण कधीतरी तिला रूडिनशी भिडावं लागेल, आणि उत्तरं न बघता. त्यावर मी ठाम आहे.

पाटीपेन्सिल : उत्तरं न बघता, हे मान्य. म्हणून दुसऱ्या गणिताचं उत्तर इथे कुणी लिहू नका. ती वाचतेय.