‘भेंडीबाजार’ या नावात झाड आहे की इंग्रजी शब्दप्रयोग?

भेंडीबाजार घराण्याच्या जुन्या बंदिशी पुन्हा ऐकल्या जाऊ लागल्या, तसा मुंबईतील या वस्तीच्या नावाचा वादही नव्याने उपस्थित झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू या भागात राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचेच नाव मिळाले.

कोटात (फोर्ट भागात) राहणारे इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडील भागाला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि त्याचेच ‘भेंडीबाजार’ झाले, ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. ‘ब’ आणि ‘ह’ मिळून ‘भ’ होणे आपल्या भाषांना परके नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘भेंडी’तील शेवटचा ‘ई’ कोठून आला, याचे उत्तर ही व्युत्पत्ती देत नाही. त्याहून मोठी अडचण अर्थाची आहे. ‘बाजाराच्या मागे’ हे वर्णन बाजाराबाहेरील जागेचे असते, तर ‘भेंडीबाजार’ हे त्या बाजाराचेच नाव आहे. शिवाय तेथे दररोज खरेदी-विक्री करणाऱ्या लोकांनी आपल्या पेठेचे नाव कोटातील इंग्रजी बोलण्यावरून घेतले असेल, हे मला पटत नाही.

याउलट भेंडी नावाचे झाड किनारपट्टीवर सर्रास आढळते. यालाच परसभेंडी असेही म्हणतात. भाजीची भेंडी आणि हे झाड एकाच कुळातील असून दोहोंची पिवळी फुले सारखी दिसतात, त्यामुळे नावाचा संबंध भाजीबाजाराशी जोडण्याची चूक सहज होते. झाडांवरून पडलेली नावे तर मुंबईत जागोजागी आहेत: उंबरखाडी, चिंचबंदर, फणसवाडी, ताडवाडी. या मालिकेत भेंडीबाजार स्वाभाविकपणे बसतो, म्हणून माझा कौल निःसंशय झाडाच्या बाजूने आहे. (चर्नी रोडचा वाद निराळा आहे, तेथे गुरांची चरणी आणि ठाण्याची चेंदणी असे दोन्ही दावेदार देशीच आहेत.)

काहीजण हिंदीतील ‘भिंडी बाज़ार घराना’ हे रूप पुरावा म्हणून पुढे करतात. त्यावरून हिंदी भाषकांनी या नावात वनस्पती ओळखली एवढेच सिद्ध होते. नाव मुळात कसे पडले, हे त्यावरून ठरत नाही. नझीर खाँच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर किंवा ‘अमर’ या मुद्रेने (टोपणनावाने) बंदिशी रचणारे अमान अली खाँ यांच्याविषयी मराठीत लिहिताना मात्र ‘भिंडीबाजार’ असे लिहिण्याचे काहीच कारण नाही. आपल्याकडे झाडाचे नाव भेंडी आहे आणि वस्तीचे नावही मराठीत तसेच रूढ आहे. म्हणून घराण्याचे नावही ‘भेंडीबाजार’ असेच लिहावे आणि ‘भिंडी’ हे रूप हिंदी मजकूर उद्धृत करतानाच ठेवावे.