मदत हवी आहे: क्रॉस, सेंटर बेअरिंग सगळं नवं, तरी खाली (रिकामा) ट्रक ५५ ते ६५ ला थरथरतो

गाडी सहाचाकी, १६ टनी, २०१२ ची, सेकंड हँड. मीटर ६ लाख ४० हजारांवर. टायर १०.००-२०. पाच गिअरचा बॉक्स, टॉप डायरेक्ट. हौजिंगमध्ये (मागच्या आसाच्या पेटीत) ४१/७ चा क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टच्या ४१ फेऱ्यांत चाकाच्या ७. प्रोपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सपासून हौजिंगपर्यंतचा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला धरणारं सेंटर बेअरिंग, सांध्यांना तीन क्रॉस.

खाली गाडी ५५ ते ६५ च्या दरम्यान केबिनच्या पत्र्यापासून गिअरच्या दांडीपर्यंत थरथरते. ७० च्या पुढे कमी होते. माल भरल्यावर जवळजवळ जाणवत नाही. स्टिअरिंग शांत असतं, हादरे पायाखालून येतात.

तिन्ही क्रॉस बदलले, सेंटर बेअरिंग रबरासकट बदललं, दोन्ही शाफ्ट बॅलन्स करून आणले. उलट सेंटर बेअरिंग बदलल्यापासून थरथर वाढली आहे. आधीच्या मालकाने मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवलेले आहेत. फिटर म्हणतो आता हौजिंग उघडू. उघडू का?

प्रतिसाद १

भाऊ, हौजिंगला हात लावू नका. पिनियन गेला असता तर आवाज आला असता, आणि भरल्यावर तो वाढला असता. तुमची थरथर भरल्यावर कमी होते, हीच मोठी खूण आहे.

आधी थरथर कशाच्या फिरण्याशी जुळते ते काढा. १०.००-२० चं चाक एका फेरीत साधारण ३.२ मीटर जातं. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला ५.२ फेऱ्या मारतं. त्याला ४१/७ ने गुणा, म्हणजे शाफ्टच्या सेकंदाला साधारण ३०.५ फेऱ्या, मिनिटाला १८३०. मोबाइलमध्ये कंपन मोजायचं ॲप टाका आणि फोन केबिनच्या जमिनीवर पक्का दाबून शेजाऱ्याला वाचायला सांगा. ५ हर्ट्झ (सेकंदाला ५ कंपनं) आले तर चाक, ड्रम, टायर. ३० आले तर शाफ्टचा बॅलन्स किंवा वाक. ६१ आले तर क्रॉसचे कोन, कारण क्रॉस एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. ॲप सेकंदाला २०० तरी नोंदी घेतंय ना, ते बघा. १०० च घेत असेल तर ६० ची थरथर ४० म्हणून दिसेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

टॉप डायरेक्ट असल्यामुळे इंजिनही त्याच १८३० ला फिरतं, म्हणून दोन चाचण्या अजून करा. उभ्या गाडीत न्यूट्रलला इंजिन १८३० वर धरा. तिथे थरथरली तर इंजिन, माउंटिंग, क्लच. नाही थरथरली तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ६५ ला न्यूट्रल करून गाडी ५५ पर्यंत येऊ द्या. इंजिन बंद करायचं नाही, हवा आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातील. आणि हे खंबाटकीसारख्या उतारावर कधीही करू नका.

धागाकर्ता

उभ्या गाडीत १८३० ला काही नाही. न्यूट्रलमध्ये थरथर तशीच, किंचित कमी. ॲपवर ६१ ला मोठा उंचवटा, ५ ला अगदी लहान.

प्रतिसाद २

६१ म्हणजे बॅलन्सवर अजून पैसे घालवू नका. आता फेज तपासा. सेंटर बेअरिंग बदलताना फ्लँजचा (तुकडे जोडायच्या चकतीचा) नट काढून फ्लँज दांतऱ्यांवरून उपसावा लागतो. बसवताना तो दोन-तीन दाते फिरून बसला, किंवा मागच्या तुकड्याचा स्लिप (आत-बाहेर सरकणारा भाग) बाणावर बाण न जुळवता घातला, तर नवे क्रॉसही थरथरतात. एकाच तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुफाट्यांचे) कान एका रेषेत हवेत. नळीवर सुतळी ताणून पाहिलं तरी कळतं.

मागच्या योकजवळचं चिखल-डांबर खरवडून काढा, आणि बॅलन्सची वजनं जागेवर आहेत ना बघा.

धागाकर्ता

बाण जुळलेले आहेत, कान एका रेषेत आहेत. चिखल नाही.

प्रतिसाद १

मग कोन मोजा. चुंबकवाला डिजिटल अँगल मीटर लागेल. गाडी सपाट जमिनीवर, रिकामी, सगळ्या टायरांत नेहमीची हवा, चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडवायचे ठोकळे). वजन चाकांवरच हवं. चेसीला जॅक लावून मोजलंत तर हौजिंग लोंबतं आणि सगळे आकडे खोटे येतात. गिअर बॉक्सचा मागचा फ्लँज, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, पिनियनचा फ्लँज, या क्रमाने उतार घ्या. फ्लँजच्या उभ्या तोंडावर मीटर लावलं तर आलेला आकडा ९० तून वजा करा. दोन्ही शाफ्टची लांबी क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लिहा.

धागाकर्ता

सगळे उतार मागे खाली जाणारे: गिअर बॉक्स ४.२, पुढचा शाफ्ट ४.५, मागचा शाफ्ट ९.०, पिनियन ६.५ अंश. पुढचा शाफ्ट १ मीटर, मागचा १.३ मीटर.

प्रतिसाद १

सापडलं. क्रॉसचा कोन म्हणजे शेजारच्या दोन उतारांतला फरक: पहिल्याचा ०.३, दुसऱ्याचा ४.५, तिसऱ्याचा २.५. दुसरा आणि तिसरा एकमेकांची थरथर खोडतात, पण त्यासाठी त्यांच्यात एका अंशापेक्षा जास्त फरक नको. तुमच्याकडे दोनचा आहे. शिवाय परिणाम कोनाच्या वर्गाने वाढतो: ४.५ चा वर्ग वजा २.५ चा वर्ग म्हणजे १४, त्याचं वर्गमूळ ३.७ अंश. हे ३ च्या आत हवं. माल भरला की हौजिंग वर येतं, मागच्या शाफ्टचा उतार घटतो, दोन्ही कोन लहान होतात. म्हणून भरलेली गाडी शांत.

दोन कारणं एकत्र आली आहेत. वाढवलेल्या पाट्यांनी मागची चेसी उचलली. आणि सेंटर बेअरिंग बदलताना क्रॉस मेंबर (चेसीचा आडवा दांडा) आणि बेअरिंगच्या ब्रॅकेटमधल्या पट्ट्या परत घातल्या नसाव्यात, नाहीतर नेमकं त्याच दिवसापासून वाढलं नसतं. जुने पार्ट अजून गॅरेजात असतील तर पट्ट्या शोधा.

बेअरिंग २० मिमी खाली घ्या. पुढचा शाफ्ट ४.५ वरून ५.६५ वर जाईल, मागचा ९ वरून ८.१ वर येईल. कोन होतील १.४५, २.५ आणि १.६. फरक एका अंशाच्या आत. दोन्ही बोल्टखाली सारख्या जाडीची अखंड लोखंडी पट्टी घाला, वॉशरची चळत नको, ती सरकते. बोल्ट तेवढेच लांब घ्या, ग्रेड मूळचीच. पहिल्या क्रॉसचा कोन ०.३ असणंही चांगलं नव्हे. अर्ध्या अंशाच्या खाली क्रॉसच्या कपांतल्या बेअरिंगच्या सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी खाच पाडतात. नवा क्रॉस असला तरी उघडून बघा.

हौजिंगखाली पाचर पट्टी घालून पिनियन फिरवायचा मोह टाळा. तुमच्या गाडीत चूक मध्ये आहे, मागे नाही. यू बोल्ट मात्र घट्ट आहेत ना, तेवढं बघून घ्या.

धागाकर्ता

२० मिमीची पट्टी घातली. मीटरवर ५.६, ८.१ आले. पहिल्या क्रॉसमध्ये खरंच खाच होती, तो बदलला. ६० ची थरथर गेली. ॲपवर ६१ चा उंचवटा दिसेनासा झाला, ५ चा लहान तसाच आहे, सकाळी जास्त.

प्रतिसाद २

सकाळी जास्त म्हणजे नायलॉन टायर रात्रभर उभे राहून चपटतात, दहा-पंधरा किलोमीटरमध्ये गोल होतात. गरम झाल्यावरही राहिला तर मागची जोडचाकं काढून डिस्कच्या मधला गंज आणि रंगाचे पापुद्रे खरवडा.

५०० किलोमीटरनंतर सेंटर बेअरिंगचे आणि फ्लँजचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत मारा. एका कपातून येत नसेल तर त्या कपाचे बोल्ट किंचित सैल करून मारा. आणि शाफ्टखालचा लोखंडी पट्टा जागेवर आहे का बघा. जुन्या गाड्यांत तो बरेचदा काढून टाकलेला असतो. पुढचा क्रॉस तुटला तर रस्त्यात रुतणारा शाफ्ट तोच पट्टा अडवतो.