लग्नासाठी लोन काढावं का? बाबांची आहेराची वही आणि माझी आरडी

सांगलीची_पोर:
डिसेंबरात लग्न आहे, खर्च दोन्हीकडून अर्धा अर्धा ठरलाय. आमच्या वाट्याचे ६ लाख मी चार वर्षं आरडी करून जमवलेत, त्यात बसवू, आपली २०० माणसं, छोटा हॉल, विषय संपला. पण बाबा आपल्याकडची ७०० च्या खाली यायला तयार नाहीत. काल कपाटातून आहेराची वही काढली, १९८६ ला आत्याचं लग्न झालं तेव्हापासूनची, कुणी ५१ रुपये, कुणी स्टीलची कळशी, सगळं लिहिलेलं. म्हणे या सगळ्यांच्या पंगतीला जेवून आलोय, आता त्यांना पत्रिका नको? वरचे ५ लाख लोन काढू म्हणतात. बाबा मार्चमध्ये रिटायर, म्हणजे फेडणार मीच. काय करू?

गणिती_काका:
लोन अजिबात नको. १२ टक्क्यांनी ५ लाख, ५ वर्षं, हप्ता ११,१२२. व्याजच १ लाख ६७ हजार जातं. पोरगं बालवाडीत जाईल तरी जिलेबीचे पैसे फेडत बसाल. सरळ रजिस्टर करा, नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, ३ साक्षीदार, झालं.

मिरजकर:
काका, तुमचं गणित बरोबर पण गावात राहायचंय तिच्या आईबाबांना. आमच्या दादाचं लग्न १५० माणसांत उरकलं, चुलते दोन वर्षं बोलले नाहीत. आहेराची वही म्हणजे भिशीच आहे ओ, इतकी वर्षं भरली आणि आपली पाळी आली की बंद करायची? लोन नको हे मान्य, पण माणसं तोडू नका, डीजे, प्री-वेडिंग, स्टेजवरची फुलं काढा.

गणिती_काका:
डीजेत किती वाचणार? ७०० ताटं ३०० नी धरली तरी २ लाख १० हजार. आणि केटररला ७०० ची गॅरंटी दिलीत की ५०० आले तरी बिल ७०० चंच. भिशीत निदान आकडा तरी ठरलेला असतो.

मोरपंखी:
बस्त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये!! मानपानाच्या ४० साड्या हजारनी धरा, ४० हजार, आणि नेसतं कोण? आमची एक मोरपंखी साडी तीन लग्नं फिरून परत आईकडेच आली, घडीसुद्धा मोडली नव्हती, आईने ओळखली कारण पदराजवळ तिचाच हळदीचा डाग. सत्यशोधक पद्धतीने साधी लग्नं १८७३ पासून होतायत आणि आपण अजून विहीणबाईंच्या साडीचा काठ मोजतोय.

मिरजकर:
साड्यांचं मात्र खरंय. पण आत्यांना सांगणार कोण :)

सांगलीची_पोर:
आईनेच सांगितलं. बस्त्याच्या यादीवर सरळ फुली, फक्त सख्ख्या पाचजणींना साड्या. मग बाबांनीच वही घेऊन नावांपुढे टिकमार्क केले, ४५० वर आलेत. कळशीवाले पण राहिलेत त्यात, ते तर वारले म्हणे, मुलाला बोलवायचं. लोनचा विषय काढला की अजून टीव्हीचा आवाज वाढवतात.