जळगावला एटीआरच का?

अमळनेरकर: जळगावला पंख्यांचं छोटं एटीआर विमानच का येतं? एअरबस का नाही?

भुसावळकर: धावपट्टी सुमारे १७०० मीटरची. एटीआर ७२ ला ती पुरते, भरलेल्या एअरबस ए३२० ला तोकडी पडते. त्यात मे महिन्यातलं आपलं ऊन! ४५ अंशांत हवा विरळ होते, पंखांची उचल घटते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. मग वजन उतरवावं लागतं. आधी सामान, तेवढ्यानं भागलं नाही तर प्रवासी. उन्हाळ्यात सकाळचंच उड्डाण बरं.

चोपडेकर: पैशाचंही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १८ आसनी बीचक्राफ्ट आलं, २०१९ ला ट्रूजेटचं एटीआर. ‘उडान’ या सरकारी विमानसेवा योजनेतली तूटभरपाई कंपनीला तीनच वर्षं, नंतर तिकिटांवरच भागवायचं.

अमळनेरकर: म्हणजे नुसती धावपट्टी वाढवून उपयोग नाही?

चोपडेकर: नाही. ए३२० च्या १८० जागा रोज भरायला हव्यात.